गरुडाभोवतीची किरणं

गुणाजीकाकांचं नाणं मी घासून आणलं. म्हणजे स्वतः घासलं नाही, तेवढी कला हातात कुठली? लालबागच्या सोनाराकडे देऊन झकास पॉलिश मारून आणलं. काकांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता, आणि ते काळवंडलेलं नाणं मला बघवेना. काकांना विचारलं नाही, सकाळीच त्यांच्या नाण्यांच्या डब्यातून गुपचूप उचललं. विचारलं असतं तर सरप्राइज कसलं!

काका परळला आमच्या शेजारच्या खोलीत. गिरगावातल्या एका कारखान्यात चाळीस वर्षं पदकांचे ठसे कोरायचे. शाळेच्या गॅदरिंगपासून कुस्तीच्या फडापर्यंत कितीजणांच्या छातीवर त्यांची कारागिरी मिरवली, पण स्वतःला एक बिल्ला मिळाला नाही. "हलवायाला पेढे कोण देतो रे?" म्हणायचे.

नाद एकच. अमेरिकेची जुनी चांदीची अर्ध्या डॉलरची नाणी, तीही फक्त १८५३ ते ५५ ची. चांदी महागली, लोक नाणी वितळवायला लागले, म्हणून सरकारनं वजन घटवलं आणि खूण म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना बाणाची टोकं कोरली. त्रेपन्नच्या नाण्यावर तर मागच्या गरुडाभोवती किरणंही होती. पुढच्या वर्षी ती गायब.

"जाणारच," काका सांगत. "एवढ्या बारीक रेघा म्हणजे ठसा लवकर मरतो. कोरणारा वेडा असणार. आपल्यातला."

"घरातली साखर संपलेली ह्यांना कळत नाही," मालनकाकू म्हणायच्या, "पण अमेरिकेतली रेघ कधी गेली ते पाठ!"

चोपन्न-पंचावन्नची काकांकडे सात होती. त्रेपन्नचं एकच. ते गोदीतल्या एका खलाशाकडून आलं. बदल्यात काकांनी त्याच्या गेलेल्या आईचा चेहरा फोटोवरून पदकावर उतरवून दिला होता.

चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं डोळे नेले. आधी कडा गेल्या, मग मधलं सगळं. तेव्हापासून रोज दुपारी नाण्यांचा तो खणाखणांचा डबा मांडीवर. आठांतून ते त्रेपन्नचं नाणं नखानं हुडकायचं आणि किरणांवरून नख फिरवत बसायचं. "एवढंच दिसतं आता," असं एकदा माझ्यासमोरच म्हणाले होते. मी ऐकलं आणि विसरलो.

वाढदिवशी दुपारी, डबा मांडीवर यायच्या आत, मी ते नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. "काका, बघा, आरसा झालाय नुसता!" हे मी कुणाला सांगत होतो, देव जाणे.

काकांनी नख फिरवलं. नाणं उलटवलं. पुन्हा फिरवलं. गरुडाभोवती एक पूर्ण फेरी मारून अंगठा थांबला.

"बफ मारलास? चाकावर घासलंस?"

"मी नाही... सोनारानं."

काकू ओट्यावरून धावत आल्या. "मेल्या, एवढी हौस होती तर माझी पातेली घासायचीस रे!" म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता रडायला लागल्या.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी तिथंच मोकळा झालो असतो. आधीच झिजत आलेली ती किरणं सोनाराच्या चाकाखालच्या धुळीत गेली होती, आणि धूळ झाडून घ्यायला सोनार कुणाची परवानगी घेत नाही. केक तसाच राहिला. काका जेवलेही नाहीत. अंगठा मात्र संध्याकाळपर्यंत त्या गुळगुळीत चांदीवर फिरत होता. मग तोही थांबला, आणि त्यांनी नाणं माझ्यापुढे धरलं.

डबा उघडाच होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, कुठल्या खणात ठेवू?"

"कुठंही ठेव. सगळी सारखीच आता."