पुलावरची सोमवारची मोजणी

नवरा चेष्टेने म्हणायचा, "हिच्या हातून चहात साखरेचा एक दाणा जास्त पडायचा नाही." भाच्यांनी तर तिचं नाव थेंबमावशीच ठेवलं होतं. मावशी हसायची आणि तरी चमचा सपाट करूनच साखर घालायची.

दोन देशांच्या पाणीवाटप आयोगात ती इंजिनियर होती. नदी तिच्या देशातून खालच्या देशात जायची, आणि किती पाणी पलीकडे गेलं ते दर सोमवारी सीमेवरच्या पुलावरून मोजलं जायचं. मोजायचं दोन्ही देशांच्या माणसांनी, आपापल्या यंत्राने. यंत्र म्हणजे पाण्यात सोडायचा छोटा पंखा. तो किती भराभर फिरतो त्यावरून हिशेब. मग आकडे मोठ्याने सांगायचे. जुळले तर सही, नाहीतर पुन्हा मोजायचं. पलीकडून दादा यायचे, निवृत्तीला टेकलेले, बडबडे. कठड्याला रेलून दोघं सुनांपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्यांची चौकशी करायचे. या पुलावर कधी वाद म्हणून होत नाही, असं आयोगात कौतुक व्हायचं.

त्या वर्षी मावशीच्या देशातली धरणं तळाला गेली. साहेबांचा फोन आला.

"या सोमवारी आकडा जरा चढाच सांगा. पाणी जास्त गेलं असं दिसलं, की पुढे आपल्याला कमी सोडता येईल."

"साहेब, पलीकडचे ऐकायचे नाहीत."

"सांगून तर बघा!"

साहेबांशी वाकडं घ्यायची मावशीची छाती नव्हती, तिची बढती त्यांच्याच हातात होती. खोटं बोलणंही जिवावर आलेलं. मग तिने तोड काढली: आपण चढा आकडा सांगायचा, दादा तो हाणून पाडतील, पुन्हा मोजताना खरं तेच लागेल. साहेब खूश, आपली सचोटीही शाबूत. दादांच्या खांद्यावर बंदूक ठेवायची ही युक्ती तिला चक्क शहाणपणाची वाटली.

सोमवारी दोघांनी यंत्रं पाण्यात सोडली. मावशीने आकडा सांगितला, खऱ्यापेक्षा चांगलाच चढा, आणि आता दादा उखडणार म्हणून तयार होऊन उभी राहिली.

"बरोबर. माझाही तेवढाच," म्हणत दादांनी सहीसाठी पेन काढलं.

"दादा, नीट बघितलंत ना?"

"बघायचंय काय त्यात?" त्यांनी आपलं यंत्र वर ओढलं. पंखा गंजून घट्ट बसला होता, बोटाने ढकलूनही हलेना. "दोन वर्षं झाली बंद पडून. मागून मागून थकलो, नवीन काही येईना. कुणाला बोलू नकोस हं. तू मोजतेस म्हटल्यावर मी निर्धास्त. घरीसुद्धा सांगतो, आमचं पाणी मोजायला तिकडे आपलीच ताई आहे."

मावशीच्या आता लक्षात आलं. दोन वर्षं एका अख्ख्या देशाचं पाणी आपल्या एकटीच्या शब्दावर चाललं होतं, आणि तोच शब्द आज आपण फिरवला. तिला स्वतःची लाज वाटली.

"दादा, मी चुकीचा आकडा सांगितला," ती म्हणाली. "चुकून नाही. मुद्दाम."

दादांनी पेन खिशात ठेवलं.

मावशीने आपलं यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाण्यात सोडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिला दिसू नये म्हणून पाठ फिरवून आकडा वाचला.

"आता सांग."

तिने खरा आकडा सांगितला. तो जुळला. तरी दादांनी यंत्र पुन्हा पाण्यात सोडलं आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.