हरकत नसलेलं नाव

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. माणसावर लेख कसा लिहितात हे मला कोणी शिकवलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचा मी थोडा अपराधीही आहे. पण एवढं ठामपणे सांगतो: बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरमालककाकांइतका भांडणाला भिणारा माणूस उभ्या हैदराबादेत दुसरा नव्हता.

लोकांच्या जमिनी लोकांच्या नावावर नोंदवण्यात काकांची नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि स्वतःचं घर मात्र चुलतभावांच्या दाव्यात अडकलेलं. त्यामुळे भाजी घेतानाही ते विचारत, "ही जुडी कुणी बाजूला काढून ठेवलेली नाही ना?" बसमधली रिकामी जागा दिसली की आजूबाजूच्या चौघांची संमती घेत. तोवर पाचवाच बसलेला असे, आणि काका समाधानाने उभे राहत.

गल्लोगल्ली इंटरनेटची दुकानं निघाली त्या दिवसांत त्यांनी ऐकलं, की वेबसाइटची छोटी नावं पुढे कोपऱ्यावरच्या प्लॉटसारखी महाग होणार. मला म्हणाले, "विकायला नको रे. एक तरी चीज माझ्या नावावर अशी हवी, जिच्यावर कुणाची हरकत नाही." मग आम्ही नल्लकुंट्याच्या कॅफेत जाऊ लागलो. देवाचं, माणसाचं, दुकानाचं नाव घ्यायचं नाही हा त्यांचा नियम. त्यासाठी ते कोठीच्या बाजारातल्या पाट्या दिवसभर वाचत फिरत. एवढं करून नाव मोकळं निघालं, तरी लगेच घेत नसत. कॅफेच्या भिंतीवर नोटीस लावत: 'अमुक नाव घेण्याचा माझा इरादा आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.' कॅफेवाले भाई कपाळावर हात मारत. "काकाजी, ये तो चोरां कू पता देना हुआ!" आणि खरंच, पंधरा दिवसांच्या आत नाव गेलेलं असे. काका उलट खूश. "बघ, हक्कदार निघालाच! वाचलो."

अशी पाच नावं गेली. सहावं होतं 'वुझो'. इंग्रजीत चारच अक्षरं, अर्थ काही नाही. "अर्थच नाही, तर हक्कदार कुठून येणार?" काका म्हणाले. या वेळी मात्र ते रोज मला विचारत, "आहे ना रे अजून?" ते विचारणं मला ऐकवेना. आठव्या दिवशी मी भाईंच्या मार्फत ते नाव माझ्या नावावर घेऊन टाकलं. मुदत संपली की काकांच्या नावावर करून द्यायचं, एवढाच विचार होता.

पंधराव्या दिवशी काकांनी पडद्यावर माझं नाव वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काका, तुमच्यासाठीच घेतलंय. आत्ता बदलून देतो."

"नको. मुदतीत नोंदवलंस ना? मग तुझंच."

त्यांनी नोटीस काढून खिशात ठेवली. घरी आल्यावर नेहमीसारखा चहा दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी दुसरं नाव शोधलं नाही.

नोकरीसाठी मी पुण्याला आलो. दोन वर्षं वार्षिक फी भरून त्या नावाचं नूतनीकरण केलं. तिसऱ्या वर्षी मुद्दाम केलं नाही. नाव बेवारस झालं की काकांना ते निर्धास्त घेता येईल असं वाटलं. माझा बेत न सांगता, नाव सुटतंय एवढंच काकांच्या कानावर घाला, असं मी भाईंना फोनवर सांगितलं.

पुढे बरेच महिने काहीच कळलं नाही. मग एक दिवस भाईंचा फोन आला. काका गेले होते. मी नावाबद्दल विचारलं नाही, पण भाईच म्हणाले, "नाम छूट रा बोलके मैं बोला, तो उसीच दिन आए काकाजी. बोले, बच्चा भूल गया होइंगा. तुम्हारेच नाम पे पैसे भरके चले गए."