आंबोलीचा म्हणून नेलेला तुडतुडा

शहाण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सुनंदा सावंतवाडीहून बंगळूरला निघालो. सामानापेक्षा मला मांडीवरच्या डब्याची काळजी जास्त. त्यात टाचणीवर बसवलेला एक तुडतुडा होता. वरचे पंख हिरवट राखाडी, आतले कुंकवासारखे लाल आणि डोक्यातून पुढे आलेली काडीएवढी सोंड. खालच्या चिठ्ठीवर 'आंबोली' आणि माझं नाव. वीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण शोध म्हणावा असा माझा हा एकच. आंबोलीत हा कीटक मला पहिल्यांदा मिळाला, असा लेख मी कॉलेजच्या वार्षिकात लिहूनही बसलो होतो. आता फक्त जाणकाराने त्याचं नाव सांगायचं राहिलं होतं.

बेळगावला बस बदलली. शेजारच्या गृहस्थांनी डब्यात मिठाई असेल असं वाटून विचारलं, "कुंदा काय?" मी झाकण उघडून दाखवलं. हुबळी येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते.

बसवनगुडीत मेहुणीकडे उतरलो. ती पंचवीस वर्षं इथलीच. "भावजी, बिसी (गरम) आहे तोवर खा, स्वल्प (थोडी) चटणी घ्या," म्हणत तिने अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची भाकरी) वाढली. मी चार खाल्ल्या आणि एका संशोधन केंद्रात गेलो.

तिथल्या वयस्कर कीटकतज्ज्ञांनी भिंग लावलं आणि पाच मिनिटांत लॅटिन नाव लिहून दिलं. "दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी असतो, खोडावर बसून रस पितो," ते हिंदीत म्हणाले. "तुमचा कोणत्या झाडावर होता?"

"बायकोने धरला होता. विचारून सांगतो."

"म्हणजे तुम्ही पाहिलाच नाही?"

मी डब्याचं झाकण लावलं.

संध्याकाळी सुनंदाला विचारलं, "आंबोलीत हा कोणत्या झाडावर होता गं?"

"आंबोलीत कुठला? इथलाच आहे तो. मागच्या वर्षी मी एकटी आले होते ना, तेव्हा नेला."

तिने मला गल्लीच्या टोकाच्या महारुखाच्या झाडाशी नेलं. खोडावर छातीच्या उंचीला चार तुडतुडे ओळीने बसले होते. मी वाकलो, तसे टुणकन उडाले. क्षणभर तो लाल रंग दिसला. माझं तोंड उतरलं.

"अगं, मग तेव्हाच सांगायचं!"

"विचारलंत कुठे? हा घातलेली काड्यापेटी हातात दिली, तर 'वा!' म्हणून खोलीचं दार लावून घेतलंत. त्याच आठवड्यात आपण दोघं आंबोलीला जाऊन आलो होतो, तुम्ही तिथलाच धरून चाललात."

"आणि माझा लेख?"

"मला कुणी दाखवला?"

मला खरंच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. वार्षिकात दुरुस्ती छापावी म्हणून प्राचार्यांना पत्रही तिथूनच टाकलं.

निघण्यापूर्वी मी जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लिहिली. ठिकाण बसवनगुडी, महारुखाचं खोड. धरणाऱ्याच्या जागी सुनंदाचं नाव. तिने ती वाचली आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, "अजून काय काय पाहिलंस तू?" बेळगाव आलं, तरी तिचं सांगून संपलं नव्हतं.