सरविदींचं नापास मशीन

सरविदींच्या कॉम्प्युटरवर धड काही चालत नसे, आणि जगात त्यांना जो काही मान होता तो एवढ्यासाठीच होता.

जावा बेटावरच्या वोनोसारी गावच्या तंत्रशाळेत ते कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. वय चौपन्न, शिक्षण बारावी, आवाज इतका हळू की शिपाईसुद्धा दोनदा "काय म्हणालात?" विचारायचा. पण 'बोबोट' नावाचा बाळांची वजनं नोंदवायचा एक फुकट प्रोग्राम आहे, त्यावर जगभरातले जे पंधरा-वीस हौशी लोक काम करायचे त्यांतले हे एक. बोबोट कुणाच्या बापाचा नव्हता. ज्याला सुधारावासा वाटेल त्यानं सुधारावा. मात्र कुणी एक ओळ जरी बदलली तरी सगळ्यांच्या मशीनवर चारशे चाचण्या आपोआप चालायच्या. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. बाकीच्यांकडे सगळं हिरवंगार, आणि सरविदींच्या जुन्या डबड्यावर रोज काहीतरी लाल. कधी फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे म्हणून, कधी फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं की छोटं यावरून. सरविदी शांतपणे बसून मूळ शोधायचे. सहा वर्षांत त्यांनी असे दोनशे अकरा दोष पकडले होते.

आता दोष सापडला तर माणसानं सरळ सांगावं की नाही? पण जावाच्या माणसाच्या जिभेला ते वळणच नाही. सरविदींचं प्रत्येक पत्र "बहुधा माझीच काहीतरी चूक असेल, क्षमा असावी" इथून सुरू व्हायचं. मग तब्येतीची चौकशी, मग आभार. दोष यायचा चौथ्या परिच्छेदात, तोही बिचकत. प्रोग्रामची सूत्रं न्यूझीलंडच्या डंकनकडे होती. भला माणूस, पण चौथ्या परिच्छेदापर्यंत पोचायची त्याला सवय नव्हती.

मार्चमध्ये एक चाचणी लाल झाली ती हटेचना. सरविदींच्या देशात अपूर्णांकाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. आठ किलो दोनशे म्हणजे ८,२. डंकननं केलेल्या एका बदलानंतर सरविदींचं मशीन तो स्वल्पविराम गिळून टाकायला लागलं आणि बाळ एकदम ब्याऐंशी किलोचं झालं. सरविदींनी लिहिलं, बहुधा माझीच चूक, वगैरे वगैरे. दुरुस्तीसुद्धा सुचवली.

डंकनचं उत्तर आलं: "बाकी सगळीकडे हिरवं आहे. सरविदी, तुमचं मशीन म्हातारं झालंय हो! तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत, आता आम्ही सगळे मिळून तुम्हाला नवा लॅपटॉप पाठवतोय."

लॅपटॉप आला तेव्हा सरविदींचे डोळे खरोखर भरून आले. त्यांनी शेजारीपाजारी बोलावून नारळाच्या दुधातला भात आणि कोंबडी खाऊ घातली. लॅपटॉपमध्ये भाषा, तारीख, टिंब सगळं इंग्रजी पद्धतीचं होतं. बदलायला एक मिनिट लागलं असतं. पण कुणी एवढ्या मायेनं दिलेली वस्तू, आणि आल्या आल्या तिच्यात खाडाखोड करायची? छे! शोभतं का? त्यांनी ती आली तशीच ठेवली आणि चाचण्या चालवल्या. चारशेच्या चारशे हिरव्या. डंकननं खुशीत नवी आवृत्ती जगाला वाटून टाकली. जुनं डबडं कापडात गुंडाळून कपाटावर गेलं.

पुढच्या महिन्यात सरविदींची बायको मुर्तिनी घरी आली ती तणतणतच. गावातल्या बाळांची दर महिन्याला वजनं करायचं काम तिच्याकडे होतं. आकडे आरोग्य केंद्रात जायचे, तिथे बोबोटमधून अशक्त बाळांची यादी निघायची, आणि यादीतल्या बाळांना नव्वद दिवस अंडी नि खाऊ मिळायचा.

"पाक्ने, तुमचा तो प्रोग्राम आंधळा आहे का हो?" पोरांचा बाप म्हणून ती नवऱ्याला पाक्नेच म्हणायची. "शेजारची गेंदिस चौदा महिन्यांची, वजन सहा किलो आठशे. नुसती हाडं! आणि यादीत तिचं नावच नाही. तुमच्या बोबोटच्या हिशेबानं ती अडुसष्ट किलोची आहे. माझ्यापेक्षा जड!"

"नर्सला सांगितलंस?"

"न सांगता येईन? ती म्हणते, बाई, मलाही डोळे आहेत, पण यादीबाहेर एक अंडं दिलं तर वरून माझी मान धरतात. प्रोग्राम दुरुस्त होऊ दे म्हणते. यादी गुरुवारी बंद. मग पुढची तीन महिन्यांनी."

सरविदींच्या हातातला तेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा हातातच राहिला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"मार्चमध्येच लाल झालं होतं. मग हा लॅपटॉप आला, त्याच्यावर हिरवं झालं. म्हटलं, त्यांनीच दिलेल्या मशीनवरून त्यांचीच चूक काढायची म्हणजे..."

"म्हणजे काय? भीड भिकेची बहीण म्हणतात. भीड तुमची आणि भीक त्या लेकराला!"

सरविदींना फार लाज वाटली. ते लगेच पत्र लिहायला बसले. तीन परिच्छेद झाले तेव्हा मुर्तिनी मागे येऊन उभी राहिली.

"गेंदिस कुठाय यात?"

"पुढे येते."

"ती पुढे येईपर्यंत गुरुवार जाईल."

सरविदींनी पत्र पुसून टाकलं. सरळ बोलणं त्यांना जमत नव्हतं. चाचणी लिहिणं जमत होतं, आणि चाचणीला क्षमा मागायची सोय नसते. पहिली ओळ: मशीन कुठल्याही देशातलं असो, घटकाभर समज की तू वोनोसारीत आहेस. दुसरी: वजन ६,८. तिसरी: हे बाळ यादीत आलंच पाहिजे. चाचणीचं नाव ठेवलं गेंदिस. आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला न विचारता त्यांनी ती सगळ्यांच्या सामायिक कामात घातली.

मंगळवारी सकाळी न्यूझीलंड लाल, कॅनडा लाल, झाडून सगळे लाल. डंकनचा निरोप आला: "सरविदी, माझं मशीन बिघडलंय वाटतं. ही गेंदिस कोण?"

सरविदींनी आयुष्यातलं सर्वांत छोटं पत्र लिहिलं: "डंकनसाहेब, आपलं मशीन म्हातारं झालं असेल. माझ्याकडे एक जुनं आहे, त्याच्यावर दोष नीट दिसतात. पाठवू का? गेंदिस आमच्या शेजारची. सहा किलो आठशे."

मुर्तिनीनं वाचलं. "अगंबाई! टोमणा मारलात?"

"छे गं. खरंच विचारतोय. टपालाचा खर्च मी देईन."

बुधवारी डंकननं दुरुस्ती घातली. शोधायला लांब जावं लागलं नाही. ती मार्चच्या पत्रातच होती, चौथ्या परिच्छेदात. गुरुवारी दुपारी आरोग्य केंद्रात दुरुस्त झालेल्या बोबोटमधून यादी निघाली आणि मुर्तिनी तिची प्रत घेऊन आली. गेंदिसचं नाव होतं. तिच्याखाली आजूबाजूच्या गावांतली आणखी अडतीस नावं होती. ती सगळी बाळं महिनाभर बोबोटच्या हिशेबानं धष्टपुष्ट होती.

सरविदी प्रत्येक नावावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. समोर डंकनचं लांबलचक पत्र येऊन पडलं होतं: "चूक माझीच होती, क्षमा असावी..." ते त्यांनी वाचलं नाही. नवा लॅपटॉप जवळ ओढला, सेटिंग उघडली आणि टिंबाच्या जागी स्वल्पविराम केला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.