नेमण्णांच्या दुकानातली न कापलेली पानं

सांगलीच्या हळदपेठेत दुपारचं ऊन तिरपं झालं की हवेत तरंगणारी हळदीची धूळ पेटल्यासारखी व्हायची, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात नेमण्णांच्या पुस्तकांच्या दुकानाची पायरी उजळून निघायची... अजून डोळे मिटले की ती पायरी दिसते. दोन गुदामांच्या बेचक्यात कसंबसं बसवलेलं ते दुकान. पुढे शाळेची पुस्तकं, पाट्या, दौती. मागच्या फळीवर गोष्टींची आणि प्रवासाची पुस्तकं. कोऱ्या कागदाचा, खळीचा आणि हळदीचा तो एकवटलेला गंध माझ्या लेखी विद्येचाच गंध होता.

लढाईची वर्षं होती. आमच्या घरात तोवर पंचांगाखेरीज छापील काही आलं नव्हतं. वडील पलटणीबरोबर जहाजानं समुद्रापार गेलेले, आई गावी उसाच्या पाण्यापाठी, आणि मी शाळेसाठी सांगलीत आत्याकडे. कृष्णेला पूर आला की मी घाटावर उभी राहून समुद्र याच्या किती पट असेल याचा अदमास घेत असे. वडील ज्या पाण्यावरून गेले ते कसं असतं, एवढंच मला कळायला हवं होतं. आत्याला विचारावं तर ती पदर डोळ्यांना लावायची.

म्हणून आधी सांगलीच्या वाचनालयात गेले. तिथले चिटणीस आमच्या शाळेच्या कमिटीवरही होते. "तू कुणाची गं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. समुद्रावरचं पुस्तक हवंय, हेही सांगितलं. ते शेजारच्यांकडे पाहून हसले. "शिपायाच्या पोरीला समुद्र कशाला हवा? आधी चूल पेटवायला शीक." असली पुस्तकं या वयात वाचून मुली बिघडतात, हे त्यांनी मला नव्हे, भिंतीला सांगितलं.

नेमण्णांनी कुणाची म्हणून विचारलंच नाही. समुद्रप्रवासाचं एक पुस्तक काढून हातात ठेवलं. तेव्हा पुष्कळ पुस्तकं कडा न कापताच यायची. पानं घडीत जोडलेली असत, विकत घेणाऱ्यानं ती घरी सुरीनं मोकळी करायची. "वाच की गं अक्का," ते म्हणाले, "पान तेवढं कापू नको. कापलं की पुस्तक जुनं हुतंय, मग घेतंय कोण?"

मग मी रोज शाळा सुटल्यावर पायरीवर बसून, घडीत डोळा घालून, दिसेल तेवढं वाचायची. एका पानावर जहाज बंदरातून निघायचं, पुढची पानं मिटलेली, आणि मग एकदम शिडं फाटलेली दिसायची... मधलं वादळ मी कृष्णेच्या पुरातून उचलून आणायची. नेमण्णा गल्ल्यावरून विचारायचे, "कुठवर पोचलं गं जहाज?" वादळात हाय म्हटलं की डोळे बारीक करायचे. "वादळ तर घडीत हाय. कापलं न्हाईस न्हवं?"

चिटणिसांनी एकदा मला त्या पायरीवर पाहिलं. लगेच शाळेत हुकूम निघाला, की मुलींना कादंबऱ्या चारणाऱ्या त्या दुकानातून कुणी पुस्तक घ्यायचं नाही. असलं लहान दुकान जूनमधल्या शाळेच्या पुस्तकांवर वर्षभर तगतं. जूनच मेला, की मग काय? नेमण्णा भांडले नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी दुकान आवरलं आणि भावाच्या शेतावर निघून गेले. जाताना ते पुस्तक आणि पितळी मुठीची सुरी माझ्या ओंजळीत ठेवली. "काप आता. जुनं झालं तर हुऊ दे."

लढाई सरली, वडील परतले. समुद्र कसा असतो, मी विचारलं. "पाणीच की गं. लय पाणी." एवढं बोलून ते बैलांकडे गेले. बाकीचा समुद्र मला नेमण्णांनीच दिला.

आमच्या भावकीतली पहिली पदवीधर मी. हे मी मिरवते, आणि मिरवणारच. पुढे कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा त्याच वाचनालयानं 'कुमारांनी काय वाचावं' या विषयावर बोलायला बोलावलं. चिटणीस पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून. कोयता परजावा तसं ते भाषण मी वर्षानुवर्षं परजलेलं. मुलांना म्हटलं, ज्या पुस्तकाला मोठी माणसं नाकं मुरडतात ते आधी वाचा. आणि जो दुकानदार तुम्हाला फुकट पायरीवर बसू देतो, त्याच्याकडूनच विकत घ्या, नाहीतर ती पायरी राहायची नाही. मग नेमण्णांची हकिगत सांगितली, आणि ते दुकान कुणी बंद पाडलं तेही, पहिल्या रांगेकडे बोट करून. क्षमा मोठी असते म्हणतात... असेल. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं असतं.

पण निघताना ते काठी टेकत जवळ आले. "छान बोललात," निर्मळ हसून म्हणाले, "आपण कुणाच्या?"

"नेमण्णांची," मी म्हणाले.

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. काही सापडलं नाही.

त्या बेचक्यात आता भांड्यांचं दुकान आहे. पुस्तक माझ्या कपाटात आहे, सगळी पानं कापलेली, कडा दातेरी झालेल्या. हळदीचा वास मात्र केव्हाच उडाला. म्हणून त्याच्याशेजारी मी एक हळकुंड ठेवते, आणि वास उतरला की बदलते. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून, असं घरच्यांना सांगते.