घोडीच्या कानातले दोन शब्द

दादा मंगळवारी गेला. तार बुधवारी आली. गुरुवारी मी शाळेत शिकवायला गेले नाही.

त्यानंतर महिन्याभरानं गोरेगावहून चैतरामजी पटल्यांचं कार्ड आलं. दादा तिथल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होता आणि त्यांच्याच घरी राहत असे. त्याची घोडी अजून त्यांच्या गोठ्यात होती. ‘घोडी पाऊल पाऊल टाकते, पण धावत म्हणून नाही. शेतावर जायच्या कामाची राहिली नाही. गोंदियाचा टांगेवाला न्यायला तयार आहे. तुम्ही येऊन सांगा,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

वर्ध्याला माझी एकच खोली. घोडी आणून ठेवायची कुठं? पण दादानं तिला शिंगरू असल्यापासून हातानं वाढवली होती, चाबूक कधी लावला नव्हता. ती टांग्याला जाऊ नये, एवढ्यासाठी मी निघाले.

दादाच्या सामानात इंग्रजी-इटालियन शब्दांचा एक खिशातला कोश होता, तो बरोबर घेतला. लढाईत दादा इटलीत होता, पलटणीची खेचरं आणि घोडी सांभाळायला. तिथल्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराकडून तो घोड्यांशी बोलायला शिकला. सुटीवर आला की म्हणायचा, “माझ्या घोडीला मराठी येत नाही.” आम्ही हसायचो.

नागपूरच्या पुढं गाडी मोकळी झाली तसा मी कोश उघडला. सावकाश चालीला ‘पास्सो’, दुडकीला ‘त्रोत्तो’, भरधाव धावेला ‘गालोप्पो’. पण दुडकी आणि भरधाव यांच्या मधली जी चाल, तिला इंग्रजीत ‘कँटर’ म्हणतात. हा शब्द मला आधीपासून आवडतो. इंग्लंडात कँटरबरी नावाचं एक तीर्थ आहे. तिथं जाणारे यात्रेकरू ज्या बेतानं घोडी हाकत, त्यावरून तो शब्द आला. शर्यत विशेष न दमता जिंकली तरी हाच शब्द वापरतात. इटालियनमध्ये त्याला एकच एक शब्द सापडला नाही. कोशात ‘पिक्कोलो गालोप्पो’ असं दिलं होतं, म्हणजे लहान धाव. शेतावर जायला हीच चाल लागणार, म्हणून मी ते ओठांतल्या ओठांत घोकू लागले.

समोरचे शेठजी बराच वेळ पाहत होते. “कौनसी भाषा है, बहनजी?”

“इटलीची.”

“अच्छा. वहाँ किसी की शादी है?”

गोंदियाहून गोरेगावची मोटार धरली. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं), त्यांत लाखोरीच्या डाळीचं हिरवं पीक उगवलेलं. मध्येच इंजिनातून वाफ निघाली. ड्रायव्हर डबा घेऊन तळ्यावर पाणी आणायला गेला, आणि परतला तो शिंगाडे चघळत. मग सगळी मोटारच तळ्यावर गेली. काठावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. माझ्या बोटाला काटा लागला तशी ती म्हणाली, “बाई, शिंगाड्याले शिंग रायतेच. धरताना पाहाव नाही का?” मी पाहून धरले. शिंगाडे गोड होते.

चैतरामजी मोटारीपाशी उभे होते. पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा. घराकडं चालताना त्यांनी सांगितलं, की त्यांचे पूर्वज माळव्यातून घोड्यांवर बसून इकडं आले. “आन आता पाहा, घरात घोडी हाये आन मी पायी चालून राहिलो!”

त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, आधी जेवायला बसवलं. नव्या तांदळाचा भात, लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी. दादा कुठं बसायचा ते त्यांनी दाखवलं. मी तिथंच बसले.

हात धुऊन अंगणात आलो तर टांगेवाले बशीरभाई आलेच होते, दोर घेऊन. घोडी तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. मी जवळ गेले तशी तिनं माझी पिशवी हुंगली आणि तोंड फिरवलं.

चैतरामजी तिच्यावर बसले. त्यांनी टाच मारली, जीभ टाळ्याला लावून टकटक केलं. घोडी अंगणाबाहेर पडली ती एकेक पाऊल मोजत.

“ये घोडी है कि गाभन भैंस?” बशीरभाई म्हणाले. “मेरे पास भेज दो. चार दिन में दौड़ेगी.”

चार दिवसांत ती कशानं धावेल, ते त्यांच्या कमरेला खोचलेल्या चाबकावरून कळत होतं.

मी कोश उघडला आणि वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं म्हटलं, “पिक्कोलो गालोप्पो!”

घोडीचे कान ताठ झाले. ती थबकली, पण धावली नाही. मी पुन्हा म्हटलं. मागं यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“काय झालं?”

“काही नाही जी. तुमी दुरून ओरडून राहिले. डाक्टर तं कानात म्हनत. हरू, बारीक आवाजात म्हनत. शेवटचा बोल लांबवत.”

“तुम्हांला हे शब्द माहीत होते?”

“रोज आयकले तं माहीत नाही रायनार?”

“मग म्हटले काऊन नाहीत?” माझ्या तोंडूनही गावाकडचाच शब्द गेला.

उत्तर चैतरामजींनी दिलं, घोडीवरूनच. “बाई, कानात सांगतला तो कानमंत्र. गुरूनं चेल्याले देल्ला. दुसऱ्याचा मंत्र आपन कसा म्हनावा? डाक्टर नाही, म्हनून तं आनखीच नाही.”

दीड महिना या दोघांनी घोडीला पेंढा घातला, पाणी पाजलं, टाचा मारून पाहिल्या. शब्द ओठांवर होते, आणि दादाचा मान राखायचा म्हणून ते उच्चारले नव्हते. मी कोश मिटला.

मग मी त्यांना अर्थ सांगितला. “तो मंत्र नाही. लहान धाव, एवढंच. इंग्रजीत तिला जो शब्द आहे, तो यात्रेकरूंच्या चालीवरून आलाय.”

“यात्रेची चाल?” यमुनाबाई म्हणाल्या. “आमी इकडच्या प्रतापगडले महाशिवरात्रीले जातो तशी?”

“तशीच. आणि मी दादाची बहीण आहे. मी सांगते, म्हणा.”

चैतरामजींनी आधी पंचा डोक्यावर घेतला. मग मानेवर वाकून ते घोडीच्या कानाशी हलक्या आवाजात बोलले. शेवटचा बोल त्यांनी लांबवला. तो सूर दादाचा होता. दादा गेल्यानंतर सहा आठवड्यांनी मी तो ऐकत होते.

घोडीनं मान उचलली आणि निघाली. बांध्यांच्या कडेच्या वाटेनं, बेतानं, अंग झुलवत. पंचा उडून चिंचेच्या फांदीला अडकला. “माहा पंचा!” असं चैतरामजी ओरडले, पण थांबायचा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळं ते तळ्याला वळसा घालूनच परत आले.

बशीरभाईंनी दोर गुंडाळला. “हमको क्या मालूम, विलायती पढ़ी-लिखी है,” म्हणाले, आणि चहाला थांबले.

“आता मंत्र नाही हे कळलं ना?” मी विचारलं.

“ते तुमच्या पुस्तकात,” चैतरामजी म्हणाले. “आमी कानातच म्हनू.”

दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याला परतले. सोमवारपासून पुन्हा वर्ग घेऊ लागले. दादा नाही. घोडी गोरेगावला आहे, आणि रोज सकाळी शेतावर निघताना कुणीतरी तिच्या कानात दादासारखं बोलतं.