वाचून केलेली सही

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत बसले होते. फोन गंगाचा होता, कुंदाच्या बीरगांवच्या संस्थेतून. "दीदी नहीं रहीं," एवढंच म्हणून ती रडू लागली. मी नुसतीच "हो… हो…" म्हणत राहिले. फोन ठेवला, आणि दुःख व्हायच्या आधी मला जे वाटलं ते लिहिल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. पन्नास वर्षांहून जुनी मैत्रीण गेली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता ते विचारणारं कोणी राहिलं नाही. मग मी हात धुतले, आणि मग रडले.

लहानपणची मैत्रीण म्हणून मी कुंदा डोंगरेवर चार शब्द लिहावेत असं इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी सुचवलं. पहिल्यांदा लिहिलं त्यात सेवा, त्याग, प्रेमळ स्वभाव असं सगळं आलं होतं. कुंदाचा स्वभाव प्रेमळ वगैरे नव्हता. ती तिरसट होती, हट्टी होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायला फार जड जायचं. ते लिहिलेलं मी फाडून टाकलं. त्यालाही आता सात आठवडे होत आले.

आम्हा दोघींचे वडील रेल्वेत. तिचे गार्ड, माझे मालधक्क्यावरच्या ऑफिसात. दोघंही वर्धेकडून बदलीवर रायपूरला आले आणि इथलेच झाले. क्वार्टरच्या एकाच ओळीत आम्ही वाढलो. एकदा शेजारच्या खलाशानं बायकोला बाहेर काढून दाराला कडी लावली. ऐन दुपार, आणि ती बाई पायरीवर बसून होती. आम्ही सगळे खिडक्यांतून पाहत होतो. चौदा वर्षांची कुंदा गेली, तिचा हात धरून तिला घरात घेऊन आली आणि आईला म्हणाली, "आई, ह्या आज आपल्याकडे जेवून राहिल्या." विचारलं नाही, सांगितलं. तिच्या आईनं मुकाट्यानं कणीक भिजवली. मी तेव्हाही खिडकीतच होते.

पुढे मी शाळेत हिंदी शिकवायला लागले, लग्न करून कॉलनीत राहायला गेले. कुंदा टेलिफोन खात्यात लागली. लग्न तिनं केलं नाही. आणि मग राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक येऊ लागले, मोठाल्या घरांवर खात्यांच्या पाट्या लागल्या, रस्ते रुंद व्हायला लागले. रस्त्यांच्या कडेनं राहणाऱ्यांना एकेक करून उठवलं जाऊ लागलं. कुंदानं मुदतीच्या आधीच नोकरी सोडली आणि बीरगांवात दोन खोल्या घेऊन संस्था सुरू केली. कारखान्यात जाणाऱ्यांची वस्ती. सकाळी झाडलेल्या सतरंजीवर दुपारपर्यंत सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून आलेली काळी भुकटी बसायची. तिथे ती घरासाठीचे अर्ज भरून द्यायची, मुलांना शाळेत घालायची, नवरा-बायकोची भांडणं समोर बसवून ऐकायची. मी दर गुरुवारी मुलांना लिहायला-वाचायला शिकवायला जायचे. बायका मला दीदी म्हणायच्या, स्वतःच्या पदरानं खुर्ची पुसून द्यायच्या. मला ते आवडायचं, हेही लिहायलाच हवं.

एका वर्षी थंडीत एक वस्ती उठली. बदली घरं गावाबाहेर मिळणार होती, पण ती बांधूनच झाली नव्हती. मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. कुंदा माझ्याकडे आली. "सुले, चार महिन्यांसाठी कुठं घर मिळन का? सहा कुटुंबं आहेत. पोट्ट्यांची शाळा तुमच्या इकडेच आहे." आमच्याच गल्लीत एका एकट्या म्हाताऱ्या गृहस्थांचं दुमजली घर रिकामं पडलं होतं. मीच त्यांच्याकडे गेले, मीच शब्द टाकला. ते राजी झाले. सहा कुटुंबं आली तेव्हा मी मोठं पातेलं भरून चहा नेला होता.

गंगाला मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. दहावीची बोर्डाची परीक्षा होती तिची. आई कॉलनीतच दोन घरी भांडी घासायची आणि ही जिन्याखाली बसून अभ्यास करायची, कारण खोलीत जागा नसायची. संध्याकाळी माझ्याकडे निबंध दाखवायला यायची. चपला गेटबाहेर काढायची. मी कधी म्हटलं नाही की आत काढ.

महिन्याभरात कॉलनीत कुरबूर सुरू झाली. पाणी कमी येतं, गच्चीवर किती ते कपडे, मुलं गल्लीत ओरडतात, आणि हे लोक एकदा बसले की उठत नाहीत. आमचे हे कॉलनीच्या समितीचे सचिव होते. लोक त्यांनाच गाठायचे, की ह्यांना आणलं ते तुमच्याच घरच्यांनी. त्यातच माझ्या मुलीला नागपूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. चांगलं, शिकलेलं घर. ते लोक पाहायला येणार होते आणि त्यांची गाडी त्याच घरासमोरून येणार होती. मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण दोन-तीन दिवस मी त्या गच्चीवरच्या दोऱ्यांकडेच पाहत होते.

त्या आठवड्यात समितीच्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. घरमालकाला द्यायचा होता, बऱ्याच सह्या झालेल्या होत्या. "आपके बिना अच्छा नहीं लगेगा, मैडम," त्या म्हणाल्या. मी चष्मा लावला आणि अर्ज वाचला. लिहिलं होतं की या लोकांच्या राहणीचा कॉलनीतल्या मुलांवर विपरीत परिणाम होतो आहे, तरी घर ताबडतोब रिकामं करून घ्यावं. मी तो पुन्हा एकदा वाचला. 'विपरीत'मधला 'वि' त्यांनी दीर्घ लिहिला होता. वीस वर्षं वह्या तपासलेला हात… मी पेन घेतलं, ती वेलांटी दुरुस्त केली, आणि खाली सही केली.

चार दिवसांनी कुंदा आली. स्कूटर गेटवर लावली, आत आली, खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसली. ही तिची सवय. मी चहा ठेवायला वळले तेवढ्यात तिनं विचारलं.

"मालकानं अर्ज दाखवला. तुही सही आहे त्याच्यावर."

"कोणता अर्ज?"

"सुले."

मी गॅसकडे पाहत म्हणाले, "अगं, पाहुणे येणार होते, घाई होती. त्यांनी कागद समोर धरला, मी सही केली. वाचलंच नाही मी. पाण्याचा असेल असं वाटलं मले."

मी चहा गाळला, तो तिनं घेतला, पूर्ण संपवला. कप स्वतः विसळून ठेवला. मग म्हणाली, "बरं. आता त्यांना सांगून सही परत घेशीन का?"

"पाहुणे होऊन जाऊ दे. मग बोलते."

"हव," ती म्हणाली, आणि गेली.

मी बोलले नाही. आठ दिवसांत मालकानं हात टेकले. एका सकाळी छोटा ट्रक आला. भांडी, पेट्या, गाद्यांच्या वळकट्या चढल्या. गंगा पुस्तकांचं गाठोडं छातीशी धरून आमच्या गेटसमोर उभी होती. निरोप घ्यायला आली असावी. तिनं हाक मारली नाही, ती नुसतीच उभी होती. मी पडद्याच्या मागे होते. ट्रक सुरू झाला तेव्हा आईनं तिला ओरडून बोलावलं.

सहाही कुटुंबं बीरगांवात संस्थेच्या त्या दोन खोल्यांत आणि आजूबाजूला कशीबशी मावली. गंगाचं परीक्षेचं केंद्र इकडेच राहिलं. पहिल्या पेपरला ती पहाटेच निघाली, पण बस वाटेत बंद पडली आणि ती पोचली तेव्हा शाळेचं फाटक लागलेलं होतं. पुढच्या पेपरांना कुंदा तिला स्कूटरवर घेऊन जायची, पण एक विषय गेला तो गेला. ती त्यातून सावरली नाही, बाकीचेही पेपर बिघडले आणि वर्ष गेलं. हे मला कुंदानंच फोनवर सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जसं एखादीच्या घरचं बरं-वाईट सांगतात तसं.

ते स्थळही जमलं नाही. मुलीचं लग्न पुढे भिलाईला झालं. कुंदा त्या लग्नाला आली, पंगतीत वाढायला उभी राहिली. आमच्यात बोलणं-चालणं कधी बंद पडलं नाही, पण गुरुवारी बीरगांवला जाणं मी बंद केलं. आधी गुडघे दुखतात म्हटलं, मग नातवंडं झाली. कुंदा मात्र खात्यांच्या पायऱ्या चढत राहिली. फाइल हरवली की नवी करायची, साहेब बदलला की पहिल्यापासून सांगायचं. कितीतरी वर्षांनी त्या सहाही कुटुंबांना घरं मिळाली. गंगा दुसऱ्या वर्षी दहावी झाली, पुढे शिकली आणि संस्थेतच कामाला लागली. आता बायकांचा दुपारचा वर्ग तीच घेते.

आमची शेवटची भेट समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात झाली. मी गुडघे दाखवायला गेले होते, ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. इतकी वाळली होती की आधी मी ओळखलंच नाही. तिच्याशेजारी बसले. आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "गुरुवारी येत जा ना वो अजून. पोट्ट्यांना शिकवायले कोणी नाही." मी म्हटलं, "पाहते." तिचा नंबर पुकारला. तिनं उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला… एवढं हलकं वजन होतं तिचं.

तेराव्यानंतर बीरगांवात शोकसभा झाली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. दोघं-तिघं बोलले, मग गंगा उठली. कुंदा वर्गात काय शिकवायची ते ती सांगत होती. "दीदी कहती थीं, कोई भी कागज हो, बिना पढ़े सही मत करना. अंगूठा भी नहीं. कहती थीं, मेरी एक सहेली है, मास्टरनी है, मुझसे ज्यादा पढ़ी-लिखी. उसने भी एक बार जल्दी में बिना पढ़े सही कर दी और छह परिवारों का घर चला गया. उसकी गलती नहीं थी, उसे किसी ने पढ़ने नहीं दिया. इसलिए तुम लोग पढ़ना सीखो." गंगानं माझ्याकडे पाहून हात जोडले. तिला माहीत होतं की ती सहेली मी. सभेतल्या बायका मायेनं माझ्याकडे वळून पाहू लागल्या. आणि मी… मीही हात जोडले.

घरी आल्यावर मला त्या वेलांटीची आठवण झाली. माझं अक्षर कुंदा पाटीवर गिरवायच्या दिवसांपासून ओळखत होती. अर्ज तिनं हातात घेऊन पाहिला होता. माझ्या पेनाची दुरुस्ती तिला दिसली नसेल हे शक्यच नाही. म्हणजे मी गॅसकडे तोंड करून बोलत होते तेव्हा ती सगळं जाणून चहा पीत होती. आणि त्यानंतर इतकी वर्षं माझं ते खोटं तिनं माझ्या बाजूनं सांगितलं. माझ्यावर दया आली म्हणून, की मी एक दिवस उठून ते खोडून काढीन या आशेनं, ते मला कळत नाही. आमचे हे म्हणाले, "आता काहून उकरून काढून राहिली? गेली ना ती." त्यांचं ऐकून गप्प बसणं सोपं होतं. पण गंगा जिवंत आहे.

गेल्या आठवड्यात मी बीरगांवला गेले. दुपारचा वर्ग भरायचा होता. गंगाला ओसरीवर बाजूला घेतलं आणि सांगितलं. अर्ज दोन वेळा वाचला होता हे सांगितलं. पडद्यामागे उभी होते हेही सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "दीदी जानती थीं?"

"जानती होगी."

"मेरा तो साल गया था," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "अब मैं औरतों को क्या बताऊँ? बरसों से वही किस्सा सुना रही हूँ."

"जो हुआ, वही बता दो."

"मैं क्यों बताऊँ? आप बताइए." आणि तिनं वर्गाचं दार उघडलं.

आत वीस-पंचवीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. काही पहिली पाळी करून सरळ आल्या होत्या, हातांच्या रेघांत काळं तसंच. भिंतीपाशी कुंदाची बसायची जागा होती. सतरंजीचा तेवढा कोपरा त्यांनी रिकामा ठेवला होता, दाटीवाटी करून बसल्या होत्या पण तिथे कोणी टेकलं नव्हतं. एकीनं उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी नको म्हटलं आणि त्यांच्यातच, दाराजवळ, गुडघे मुडपून कशीबशी बसले. हिंदीत सांगायला लागले. की कुंदादीदीची ती मैत्रीण मी. की मला कोणी घाई केली नव्हती. की मी शिकलेली आहे, आणि त्या कागदावरचं अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं, त्यातली एक चूकसुद्धा सुधारली होती.

गंगा खडू हातात घेऊन फळ्याशी उभी होती, माझ्याकडे पाहत नव्हती. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी, जिला अजून स्वतःचं नावही नीट लिहिता येत नसावं, पाटी मांडीवर ठेवून मला म्हणाली, "त काबर करे, दीदी?" मग केलंस कशाला?

पाहुणे, समिती, गच्चीवरचे कपडे… इतकी वर्षं तयार ठेवलेलं सगळं माझ्याजवळ होतं. तिच्या तोंडाकडे पाहून त्यातलं एकही मला उच्चारता येईना. त्या सगळ्या पाट्या खाली ठेवून माझ्या उत्तरासाठी थांबून राहिल्या होत्या.